जाताना बोटे मोजावीत

पिंपरीतल्या संत तुकाराम नगरात राहून कंपनीत नोकरी न केलेला माणूस म्हणजे मालवणात राहून मासे न खाणारा. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण पंक्तीत जरा कडेला बसवतात. मी बँकेत होतो. चौतीस वर्षं. आमच्या सोसायटीतल्या बाकीच्या निवृत्त मंडळींनी तेवढीच वर्षं लोखंड कापलं, तासलं, ठोकलं, रंगवलं किंवा दुसऱ्यानं केलेलं नापास केलं. ते 'आमच्या शॉपमध्ये' म्हणतात तेव्हा दुकानाबद्दल बोलत नसतात आणि 'जॉब घट्ट धर' म्हणतात तेव्हा नोकरीबद्दल बोलत नसतात, हे कळायलाच मला दोन वर्षं लागली.

दोष त्यांचा नाही, जागेचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, आणि मग स्कूटर, ट्रक, बेअरिंग, इंजिन असं एकेक येत इथलं रान भोंग्यावर उठायला आणि भोंग्यावर जेवायला शिकलं. पुढं कारखाने सरकत सरकत चाकणला पोचले. अशा गावात माणूस आडनावानं ओळखला जात नाही, ट्रेडनं ओळखला जातो. आमच्याकडे टर्नरकाका आहेत. ते दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतात आणि त्यातले वीस चहावाल्याशी. फिटरअण्णा आहेत. 'जरा ठोकलं की बसतं' हे त्यांचं तत्त्वज्ञान. अण्णांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं आहे; नोकरीच्या काळात प्रेसमध्ये गेलं. त्यामुळे लांबून पंजा दाखवून त्यांनी पाच चहा सांगितले की पोऱ्या साडेचारच आणतो. क्वालिटीकाका आहेत. त्यांच्या खिशाला पेनाच्या जागी व्हर्नियर असतो. आमच्याकडे पुरणपोळी जेवायला आले तेव्हा त्यांनी ती मोजली आणि हिला सांगितलं, 'वहिनी, कडेला दोन, मध्ये चार. चव उत्तम, पण टॉलरन्सच्या बाहेर.' मला सगळे नुसतं 'बँक' म्हणतात. 'ओ बँक, दूध आलं का?'

सोसायटीतल्या सामायिक वर्कशॉपची कल्पना मात्र यांतल्या कोणाची नव्हती. ती आयटीवाल्याची. हा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा हिंजवडीला जातो आणि चाळिशीच्या आतला तोच एक सभासद असल्यानं सगळे त्याला 'बाळा' म्हणतात. सोसायटीच्या सभेत त्यानं विचारलं, 'ड्रिल मशीन किती घरांत आहे?' अठरापैकी अकरा हात वर झाले. 'शेवटचं कधी चालवलं?' अकराही जणांचं उत्तर एकच: दिवाळीत, आकाशकंदिलाचा हूक लावायला. मग बाळानं सांगितलं की अमेरिकेत बर्कली गावच्या सार्वजनिक वाचनालयातून १९७९ पासून पुस्तकांसारखी हत्यारंही घरी नेता येतात. आणि ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात 'मेन्स शेड' नावाच्या सामायिक कार्यशाळा निघाल्या, कारण निवृत्त पुरुष घरी बसून खचतात, समोरासमोर बसवलं तर बोलत नाहीत, पण शेजारी शेजारी उभं राहून काम करताना मात्र मोकळे होतात. हे ऐकताच सभेतल्या बायकांनी एकमुखानं पाठिंबा दिला. पुरुष घरी बसल्यानं नेमकं कोण खचतं याबद्दल त्यांचं मत जरा वेगळं होतं, पण ठरावाच्या आड त्यांनी ते येऊ दिलं नाही.

पाण्याच्या टाकीखालची, वर्षानुवर्षं गणपतीचं मखर आणि कुंड्यांचे तुटके स्टँड सांभाळणारी खोली रिकामी झाली. बेंच ड्रिल कुदळवाडीच्या भंगारातून आलं, तेव्हा तिथली दुकानं अजून पाडली गेली नव्हती. वाईस पुण्याच्या जुन्या बाजारातून आला, रविवारी, घासाघीस करून, उन्हात. ग्राइंडर एका सभासदानं दान दिला, म्हणजे त्याच्या बायकोनं दिला. कानशी, हॅक्सॉ, पाने, पटाशी, रंधा, गिरमीट हे सगळं माळ्यांवरून खाली उतरलं.

सुरू करण्याआधी एखादं खरं सामायिक वर्कशॉप बघून यावं असं ठरलं आणि आम्ही गाडी करून पाबळला गेलो. चाकण, राजगुरुनगर मागं टाकून शिरूर तालुक्यात शिरलं की हे गाव लागतं. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानं मुंबईतल्या कंपनीतली मोठी नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. मुलांनी वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती हे सगळं हातानं करत करत शिकायचं, ही तिथली रीत. २००२ मध्ये तिथं फॅबलॅब निघाली. अमेरिकेतल्या एमआयटीची ही कल्पना त्यांच्या दारातून बाहेर पडल्यावर जगात जिथं जिथं पहिल्यांदा उतरली, त्यांत हे पाबळ आहे. संगणकावर चित्र काढायचं आणि यंत्रानं ते कापून द्यायचं. बाळा तिथून हलेना. बाकी अर्धी मंडळी मस्तानीची समाधी बघायला गेली, कारण तीही पाबळलाच आहे, आणि एका डिझेलमध्ये दोन्ही होत असेल तर सोडायचं कशाला? परतीच्या वाटेवर टर्नरकाका चाकणपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, 'चष्मा डोळ्यांवर घालायचा असतो. आपण कपाळावर घालतो.' त्या दिवसाचा त्यांचा कोटा तिथं संपला.

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. सुरक्षेच्या चष्म्याबद्दल होतं ते; पण आमच्या मंडळींना सुरक्षा शिकवणार कोण, असं मला वाटायचं. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्या तारखेला स्थापन झाली, म्हणून. त्या आठवड्यात या पट्ट्यातल्या कारखान्यांत शपथा होतात, बिल्ले लागतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. आमच्या सोसायटीत घरटी निदान एक तरी स्टीलचा डबा सुरक्षा सप्ताहात जिंकलेला आहे. वर्कशॉपात चहाची साखर ज्यात असते तो क्वालिटीकाकांचा डबा. त्यावर 'सुरक्षित राहा, आनंदी राहा' असं कोरलेलं आहे. पण हीच माणसं गेटबाहेर पडली की वेगळी होतात. चौतीस वर्षं हेल्मेट घालून वावरलेले अण्णा घरचा पंखा दुरुस्त करताना पलंगावर प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर अनवाणी अण्णा आणि मेन स्विच चालू, अशा अवस्थेत दिसतात. विचारलं तर म्हणतात, 'घरचंच तर आहे.' नियम कंपनीचे होते, बोटं घरची आहेत, असा हा हिशेब.

म्हणून नियम लिहायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. 'बँक, तुमचं शुद्धलेखन चांगलं.' मी चार रात्री जागून एकेचाळीस कलमं तयार केली. 'सदरहू कार्यशाळेचा वापर करू इच्छिणाऱ्या सभासदाने' इथून सुरुवात. टर्नरकाकांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, 'एवढं वाचून होईपर्यंत बोट जाईल.' मग माझी एकेचाळीस कलमं कचऱ्यात गेली आणि फळा कोरा टांगला गेला. जसजसं घडेल तसतसं लिहायचं ठरलं. त्यामुळे आमच्या फळ्यावरच्या कलमांना आकडे आहेत, पण आकड्यानं त्यांना कोणी ओळखत नाही. ज्याच्या कृपेनं कलम आलं त्याच्या नावानं ते चालतं.

पहिलं कलम माझ्याच हातमोज्यांचं. उद्घाटनाच्या दिवशी मी कातडी हातमोजे घालून ड्रिलपाशी उभा राहिलो. सुरक्षा म्हणजे जास्तीत जास्त झाकणं, अशी माझी समजूत. बँकेत आम्ही नोटांच्या पेटीला तीन कुलपं लावायचो. टर्नरकाका ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज सोसायटीनं प्रथमच ऐकला. फिरत्या यंत्रावर उघड्या हाताला बहुतेक वेळा ओरखडा येतो, जखम होते. हातमोजा मात्र ड्रिलमध्ये अडकला की हातासकट आत ओढला जातो. पत्रा उचलायला, वेल्डिंगला हातमोजे हवेतच; ड्रिलवर, लेथवर नकोत. 'अंग झाकायचं, पण लोंबू द्यायचं नाही,' एवढं सांगून ते थांबले.

या लोंबण्यातून पुढची तीन कलमं निघाली. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात, कलम २२ मध्ये, चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्यानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं सांगितलं होतं. हा कायदा करणाऱ्यांनी निवृत्त माणसाचा लेंगा पाहिला नसावा. आमच्याकडे सकाळी दहाला वर्कशॉपात येणाऱ्या माणसाचा वेश म्हणजे बनियन, लेंगा, लेंग्याचा बाहेर लोंबणारा नाडा आणि खांद्यावर पंचा. यातली पंचा नि नाडा ही दोन वस्त्रं तर ड्रिलनं ओढून घ्यावीत म्हणूनच विणलेली. पंचाला बंदी झाली. 'नाडा आत खोचावा' हे कलम लिहिताना माझ्या बँकेतल्या हस्ताक्षराला पहिल्यांदाच घाम फुटला. पेच आला तो माळेचा. तळमजल्यावरचे एक काका माळकरी. दरवर्षी देहूहून निघालेल्या पालखीबरोबर चालतात. त्यांची तुळशीची माळ ग्राइंडरवर वाकलं की पुढं झुलायची. माळ काढ म्हणायची कोणाची हिंमत नव्हती आणि तुकोबांच्या नावाच्या नगरात तो ठराव मांडायलाही कोणी तयार नव्हतं. शेवटी सदऱ्याची वरची गुंडी लावून माळ आत घ्यायची, असं ठरलं. काका म्हणाले, 'ती काय, आतच असायला हवी. बाहेर लोकांना दाखवायला घातली होती का?' त्या दिवशी नियम आम्ही केला आणि कीर्तन त्यांनी.

ग्राइंडरचं कलम सगळ्यांत मोठं. ते टर्नरकाकांनी माठाच्या भाषेत समजावलं. उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ना? खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा. ग्राइंडरचं नवीन चाकही तसंच, बसवण्याआधी टांगून, लाकडी मुठीनं हळूच वाजवून घ्यायचं. तडा गेलेला माठ गळतो. तडा गेलेलं चाक वेगात फुटतं आणि त्याचे तुकडे कोणाकडे जातील हे आधी सांगून जात नाहीत. जॉब टेकवायच्या पट्टीत आणि चाकात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही, नाहीतर जॉब खाली ओढला जातो आणि त्याच्या मागून बोट. आणि चालू केल्यावर पहिलं मिनिटभर चाकाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं. हे शेवटचं कोणी पाळेना. म्हातारी माणसं यंत्र चालू झालं की देवळाचं दार उघडल्यासारखी पुढं सरकतात. उपाय मेट्रोनं दिला. ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली आणि आमच्या नगराला स्वतःचं स्टेशन मिळालं. तिथं फलाटावर पिवळी पट्टी असते, आणि रस्त्यावर सिग्नल तोडणारा माणूसही त्या पट्टीमागं शहाण्यासारखा उभा राहतो. आम्ही ग्राइंडरपुढं तशीच पिवळी पट्टी मारली. तेव्हापासून चाक चालू झालं की सगळे पट्टीमागं, गाडी यायची आहे अशा चेहऱ्यानं उभे असतात.

प्रथमोपचाराचं खातं सिस्टरांकडे. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, आणि सोसायटीत अण्णांना 'अहो, गप्प बसा' म्हणू शकणाऱ्या एकमेव. त्यांची पहिली लढाई हळदीशी झाली. कापलं की हळद दाबायची, हा आमचा राष्ट्रीय उपचार. सिस्टर म्हणाल्या, 'हळद भाजीत. जखम वाहत्या पाण्याखाली.' दुसरी लढाई अण्णांशी. अण्णा वेल्डिंग करताना काच वापरत नसत. तोंड वळवायचं, डोळे मिटायचे आणि देवावर हवाला. त्या ठिणगीचा उजेड तेव्हा काही करत नाही. चार-सहा तासांनी, रात्री, डोळ्यांत मूठभर वाळू घातल्यासारखं होतं. अशा एका रात्री अण्णांनी दोन वाजता सिस्टरांचं दार वाजवलं. सकाळी फळ्यावर कलम आलं: 'काचेशिवाय वेल्डिंग करू नये, बघणाऱ्यानेही बघू नये.' तिसरी लढाई बाळाशी. त्याला जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचं बाल्कनीतलं कपाट वेल्ड करायचं होतं. त्या जस्ताच्या धुरानं संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. अण्णा म्हणाले, 'काही नाही, आम्ही वरून दूध प्यायचो.' सिस्टर म्हणाल्या, 'दूध पोटात जातं, अण्णा. धूर फुप्फुसात.' अण्णांनी चौतीस वर्षांचं दूध मनातल्या मनात मोजलं आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

इथपर्यंत सुरक्षा झाली. खरी पंचाईत शिष्टाचाराची. बोट कापलं तर माणूस ओरडतो. पाना परत आला नाही तर ओरडायचं कोणावर?

सामायिक वर्कशॉपात सगळ्यांत धोकादायक शब्द म्हणजे 'जरा'. 'जरा पक्कड नेतो', 'जरा पाचच मिनिटं'. ही पाच मिनिटं आमच्याकडे साधारण तुळशीच्या लग्नापर्यंत चालतात. मी रीतसर रजिस्टर ठेवलं: कोणी नेलं, काय नेलं, कधी नेलं, कधी आणलं. तीन रकाने भरभरून वाहिले. चौथ्यात आजवर फक्त झुरळानं पाय ठेवला आहे. सगळ्यांत आधी गेला दहा-अकराचा पाना. हा पाना जगात कुठंही टिकत नाही. आम्ही तीन आणले, तीनही गेले. क्वालिटीकाकांच्या मते ते कुठंतरी एकत्र राहत असावेत.

यावर जपानी उपाय झाला. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला जपानी शब्द शिकवावे लागत नाहीत. सेइरी, सेइटन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच 'एस' इथं शुभंकरोतीच्या चालीवर पाठ असतात. त्याप्रमाणे भिंतीवर मोठी फळी लावली, तिच्यावर प्रत्येक हत्याराची सावली काळ्या रंगानं काढली आणि हत्यार तिथंच टांगायचं ठरलं. महिन्याभरात पकडी गेल्या, सावल्या उरल्या. नवीन माणसानं ती फळी पाहिली तर इथं पूर्वी हत्यारं नावाची संस्कृती नांदून गेली असावी असं त्याला वाटावं.

वर्षातून एकच दिवस ती फळी भरते: खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजेला हत्यार गैरहजर ठेवायचं पाप घ्यायला कोणी धजत नाही. आदल्या रात्री अंधारात, कोणी बघत नाही असं बघून, पाने आपापल्या जागी येऊन बसतात. सकाळी झेंडूच्या माळा, हळदकुंकू (इथं सिस्टरांची हळदीला परवानगी असते), पेढे. दहा-अकराचे तीनही पाने ओळीनं टांगलेले. पुढं दसरा झाला की सोन्याबरोबर तेही लुटले जातात.

मी हे दोन वर्षं सोसलं आणि मग माझ्यातला बँकवाला जागा झाला. चौतीस वर्षांत माझ्या काउंटरवरचं पेन कधी हललं नाही, कारण ते दोरीला बांधलेलं होतं. रिफिली गेल्या, टोपणं गेली, पेन गेलं नाही. टर्नरकाका जत्रेला गावी गेले होते. मी लांडेवाडीला जाऊन नायलॉनची दोरी आणली आणि एका दुपारी सगळं बांधून टाकलं. स्क्रूड्रायव्हर खिळ्याला, पक्कड वाईसला, कानस टेबलाला. ड्रिलचं टोक घट्ट धरणाऱ्या चकची चावी, जी सारखी हरवायची, ती ड्रिलच्या खांबालाच, चांगली सव्वा मीटर दोरी देऊन, म्हणजे कोणाला काम करताना ओढाताण नको. संध्याकाळी चेअरमननी माझी पाठ थोपटली. पंधरा दिवस एकही वस्तू हरवली नाही. मी मनातल्या मनात स्वतःच्या नावाचा सत्कार, शाल आणि नारळ इथपर्यंत पोचलो होतो.

टर्नरकाका सोमवारी परत आले. खोलीत आम्ही सहा जण होतो. त्यांनी दारातूनच ती दोरी पाहिली आणि तोंड उघडलं. पण त्यांना बोलायची सवय नसल्यानं शब्द यायला वेळ लागतो. तेवढ्यात अण्णांनी चकमध्ये ड्रिल बसवलं, चावी फिरवून घट्ट केलं, चहावाल्याला पंजा दाखवायला मागं वळले आणि परत फिरून बटण दाबलं. चावी चकमध्येच होती.

एरवी चावी उडून कुठंतरी पडली असती. दोरीमुळे ती पडली नाही. दोरी स्पिंडलला गुंडाळली गेली, चावी तिच्या टोकाला धरून फिरायला लागली, आणि शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात तसा एक आवाज आला. मग दोरी तुटली. चावी क्वालिटीकाकांच्या कानाजवळून गेली आणि 'सुरक्षित राहा, आनंदी राहा' या डब्यावर, 'आनंदी'च्या बरोबर खाली, आदळली. साखर सगळीकडे झाली. टर्नरकाकांनी चालत जाऊन मेन स्विच बंद केला. त्या शांततेत क्वालिटीकाकांनी थरथरत्या हातानं व्हर्नियर काढला आणि पोच मोजला. 'चार मिलिमीटर,' ते म्हणाले. नंतर त्यांनी आपला कान चाचपला आणि ते खाली बसले.

आवाज ऐकून सिस्टर खाली आल्या. कोणाला काही विचारलं नाही. म्हणाल्या, 'सगळ्यांनी हात वर करा. बोटं मोजा.' आम्ही सहा म्हातारे शाळेतल्यासारखे हात वर करून उभे राहिलो. त्यांनी मोजली. साडेएकोणसाठ.

'अर्धं माझं जुनं आहे,' अण्णा हळूच म्हणाले.

'माहीत आहे,' सिस्टर म्हणाल्या. 'म्हणजे हिशेब बरोबर आहे.' त्या दिवसापासून दारावर आतल्या बाजूनं पाटी आहे: 'जाताना बोटे मोजावीत.' पाहुण्यांना तो विनोद वाटतो.

मी त्या रात्री जेवलो नाही. वस्तू जाऊ नये म्हणून बांधली, आणि एक माणूस जाता जाता राहिला. काउंटरच्या पलीकडच्या प्रत्येकावर अविश्वास ठेवायची मला पगारी सवय होती. इथं पलीकडे कोणी नव्हतंच. चावी चकमध्ये विसरणारा आणि पाना घरी विसरणारा यांचा रोग एकच असतो: आपल्यानंतर इथं कोणी येणार आहे, हे त्यांच्या डोक्यात नसतं. दोरीनं तो बरा होत नाही.

टर्नरकाकांनी दोन दिवसांत उपाय केला. ओळखीच्या एका लेथवर जाऊन त्यांनी चावीच्या टोकात एक स्प्रिंग बसवून आणली. आता चावी चकमध्ये दाबून धरली तरच राहते. हात सोडला की आपोआप बाहेर पडते. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. अशा चाव्या बाजारात मिळतात, पण बाजारातली वस्तू विकत आणली असती तर काकांना ती आपलं मत मांडल्यासारखी वाटली नसती.

पुढच्या बैठकीत कलमाचा मसुदा आला. अण्णांनी मांडला: 'मूर्खासारखी यंत्राला दोरी बांधू नये.' चेअरमननी, ज्यांनी पाठ थोपटली होती त्याच चेअरमननी, अनुमोदन दिलं. मी खाली मान घालून फळ्यापाशी उभा होतो. लिहायचं मलाच होतं. तेव्हा टर्नरकाका उभे राहिले आणि आठवड्याभराचे शब्द एकदम खर्च करून बोलले.

ते म्हणाले, जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाचे एक इंजिनिअर होऊन गेले. चूक करताच येणार नाही अशी जुळणी यंत्रातच करून ठेवायची, ही त्यांची शिकवण. त्या स्प्रिंगसारखी. सुरुवातीला तिला ते 'बाका-योके' म्हणायचे. बाका म्हणजे मूर्ख; मूर्खापासून बचाव. एका कारखान्यात कामावरच्या माणसाला ते नाव लागलं, डोळ्यांत पाणी आलं. शिंगोंनी नाव बदललं. पोका-योके. पोका म्हणजे नजरचूक. 'आपण सगळे कंपनीत हा शब्द वापरत आलो,' काका म्हणाले. 'तो का बदलला होता, ते लक्षात ठेवा.' आणि बसले.

कोणी काही बोललं नाही. अण्णांनी साडेचार बोटांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, 'लिहा बँक, तुम्हीच लिहा.'

मी लिहिलं: 'कलम १७. फिरत्या यंत्राजवळ नजरचुकीनेही दोरी असू नये.' अक्षर बरं आलं. सगळे त्याला 'बँकेचं कलम' म्हणतात. तसं हातमोज्यांचं कलमही माझंच, पण ते आता जुनं झालं. टाळ्या झाल्या, चहा आला, पाचचे साडेचारच. मी कप उचलला, मार्कर सवयीनं खिशाला लावला आणि दाराकडे वळलो.

'बँक,' मागून क्वालिटीकाका म्हणाले, 'जागेवर.'